उणे वीसात मजेत राहायचं तर

जानेवारी-फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जायचं म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न येतो, "तिथे उणे किती असतं?" तिथलं मुख्य गाव काझा, तिथे या दिवसांत रात्री पारा उणे २० च्या आसपास उतरतो, किब्बर-लांगझासारख्या वरच्या गावांत त्याच्याही खाली जातो. सांताक्रूझला आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. त्यामुळे उणे वीस म्हणजे काय, याचा मुंबईकराच्या अंगाला अदमासच नसतो आणि तो घाबरून सगळी तयारी जाड कपड्यांची करतो. हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या आम्हा डोंगरवाल्यांचं मत यावर ठाम आहे. थंडी सोसते, ओल सोसत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मुंबईत आपण बाराही महिने थोडे ओलेच असतो, लोकलमधून उतरलो की पाठ भिजलेली असते आणि पंख्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं. तीच सवय बर्फात अंगाशी येते. कोरडं राहणं जमलं तर उणे वीसातही माणूस खुशाल हिंडतो, पोटभर जेवतो, गाढ झोपतो आणि बर्फाकडे डोळे भरून बघायला त्याच्याकडे मन शिल्लक राहतं.

कपड्यांपासून सुरुवात करू. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती काहीही चालत नाही, गंजीफ्रॉकसुद्धा नाही. कापूस घाम शोषून धरून ठेवतो आणि तुम्ही थांबलात की तोच घाम गार होतो. जीन्स म्हणजेही कापूसच, ती घरीच ठेवायची. त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं बाहेरचं जॅकेट. पिसांचं म्हणजे डाउन जॅकेट चालताना घालायचं नव्हे, थांबल्यावर घालायचं आहे. नवखे लोक ते सकाळी घालतात ते संध्याकाळीच काढतात आणि चढावर आतून भिजतात. पिसं ओली झाली की त्यांचे पुंजके होतात, मधली हवा निघून जाते आणि महागडं जॅकेट नुसतं ओझं होऊन बसतं. आमचा नियम असा: निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. घाम येण्याआधी एक थर काढायचा, थांबताक्षणी, दम खात बसण्याच्या आधी, पिसांचं जॅकेट चढवायचं. दिवसातून दहा वेळा हे करायला लागलं तरी कंटाळायचं नाही.

एका माणसाला अंगालगतचे दोन जोड पुरतात. शिवाय झोपण्यासाठी एक वेगळा जोड आणि लोकरी मोज्यांची एक वेगळी जोडी ठेवायची, आणि ती अंथरुणाबाहेर कधीही वापरायची नाही. कितीही दमला असलात तरी झोपण्यापूर्वी पूर्ण कपडे बदलायचे. दिवसभराचे मोजे हाताला कोरडे लागले तरी ते ओलेच असतात.

बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्यायचे, संध्याकाळी आणि जाड मोजे घालूनच मापून बघायचे, कारण संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात. पातळ मोजा आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा, बस्स. तीन-तीन मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय जास्तच गारठतात. हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीमोजे कितीतरी उबदार असतात. आत पातळ हातमोजे ठेवले की फोटो काढताना किंवा नाडी बांधताना कातडी उघडी पडत नाही. प्रत्येक चेनच्या टोकाला मुंबईतच दोरीचा बोटभर लांबीचा फास बांधून टाका आणि पिशवीमोजे घालून ती उघड-बंद करून बघा. ही दहा मिनिटांची तयारी तिकडे रोज उपयोगी पडते. तोंडावर ओढायचे बफ, म्हणजे गळ्यातल्या कापडी नळ्या, मात्र दोन हवेत. श्वासाच्या वाफेने एक ओला होतो आणि तासाभरात पुठ्ठ्यासारखा कडक होतो, तेव्हा दुसरा खिशात कोरडा असला पाहिजे.

पिसांचं जॅकेट, बूट, स्लीपिंग बॅग भाड्याने घेतलं तरी चालतं. मोजे आणि आतले कपडे स्वतःचे असावेत. बूट नवीन असतील तर ते घालून, पाठीवर सातआठ किलोची पिशवी घेऊन इमारतीचे जिने दोनतीन आठवडे चढा-उतरा. सोसायटीत लोक बघतात, बघू द्या.

आता रस्त्याचं. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की अटल बोगदा झाला, मग मनालीवरून काझाला हिवाळ्यात का जाता येत नाही? ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा स्पितीशेजारच्या लाहौल खोऱ्यात, सिस्सू-केलाँगच्या बाजूला उघडतो. स्पितीत जायला त्यापुढे कुंझुम खिंड ओलांडावी लागते, साडेचार हजार मीटरवरची, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली बंद असते. म्हणून हिवाळ्यात वाट एकच: विमानाने चंदीगड किंवा पश्चिम एक्सप्रेसने अंबाला, तिथून शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. लांब आहे, पण समुद्रसपाटीवरून निघणाऱ्या माणसासाठी हीच उत्तम. शिमला सुमारे २,२०० मीटर, कल्पा २,९०० च्या पुढे, ताबो ३,३०० च्या आसपास, काझा ३,७०० च्या आसपास. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हा विरळ हवेची सवय होण्यासाठीचा नियम या वाटेवर काझापर्यंत आपोआप पाळला जातो. आम्ही वाटेत शिमला किंवा रामपूरला एक रात्र, कल्पात दोन, ताबोला एक, काझात दोन आणि मगच किब्बर अशी मांडणी करतो. किब्बर ४,२०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे काझातली दुसरी रात्र वगळायची नाही. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. तिथला एक दिवस शरीरालाही लागतो आणि मनालाही.

परतीसाठी दोन दिवस राखीव ठेवा. नाकोजवळ मलिंग नाल्यात दरड किंवा बर्फ आलं की वाहतूक थांबते आणि तुमच्या विमानाच्या तिकिटाची त्याला फिकीर नसते. रोख पैसे मुंबईतून न्या. उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि चालताना तोल जातोय असं झालं तर गोळीची वाट न बघता लगेच खाली उतरायचं.

गाडी मुंबईहून न्यायच्या फंदात आम्ही पडत नाही. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं साकळतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसारख्या भागांसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. स्थानिक चालकाचं काम नुसतं बघण्यासारखं असतं. रात्री तो हँडब्रेक ओढत नाही, कारण ओली केबल किंवा ब्रेकचे पट्टे गोठून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतो. वायपर काचेवरून उचलून उभे करतो. काही जण बॅटरी काढून घरात आणतात. बर्फावर घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्यांनाच लावतात आणि वेग ३०-४० च्या पुढे नेत नाहीत. सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला, काळा दिसत असेल तर तो बर्फाचा पारदर्शक थर आहे असंच धरायचं.

किब्बरमधलं घर म्हणजे जाड दगडी भिंती, लहान खिडक्या, सपाट छप्पर आणि हिवाळ्यात सगळं कुटुंब जिथे राहतं अशी एक खोली. मधोमध लोखंडी शेगडी, तिला तिथे तंदूर म्हणतात, धुराडं छपरातून बाहेर. लाकूड आणि शेणाच्या गोवऱ्या जाळतात. ही खोली सोडून बाकी घर बाहेरइतकंच थंड असतं. झोपायच्या खोलीत शेगडी असेल तर दाराची किंवा खिडकीची फट उघडी राहिली पाहिजे आणि झोपण्याआधी निखारे विझले पाहिजेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऊब थोडी कमी झाली तरी चालेल, पण यात तडजोड नाही.

नळ गोठलेले असतात. पाणी झऱ्यावरून किंवा हातपंपावरून पिंपाने आणतात, ते तंदूरवर तापतं. तांब्याभर पाण्यात दात, तोंड, हात उरकायचे. आंघोळ विसरा. हवा इतकी कोरडी असते की मुंबईसारखा चिकटपणा येतच नाही. यजमानांकडे दोन बादल्या गरम पाणी मागू नका, त्या दोन बादल्यांसाठी कुणीतरी बर्फातून खेपा घातलेल्या असतात. शौचालय कोरडं, वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक आणि शेजारी मातीचा ढीग. वापरून झालं की फावडंभर माती टाकायची. पाणी टाकायचं नाही, कागद वापरायचा. पाण्याने ते गोठतं, नासतं आणि वसंतात शेतात जाणारं खत वाया जातं. दोन दिवसांत सवय होते, आणि खरं सांगायचं तर उणे वीसात वास अजिबात नसतो.

झोपताना स्लीपिंग बॅगेत सोबत काय न्यायचं ते ठरलेलं असावं: फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी, टूथपेस्ट, सनस्क्रीन, उद्याचे आतले हातमोजे. लिथियम बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. पण शून्याच्या खाली असताना ती चार्ज करू नका, कायमची खराब होते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. रात्री गरम पाणी भरलेली घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरली तर पाय तासाभरात तापतात, आणि सकाळी पिण्यापुरतं कोमट पाणीही मिळतं. डोकं बॅगेत खुपसून झोपू नका. श्वासातली वाफ आतल्या पिसांत जाते आणि दोनतीन रात्रींत बॅग थंड पडते. नाक-तोंड बाहेर, बाकी सगळं आत.

कॅमेऱ्याचं उलट. बाहेरून उबदार खोलीत आणण्याआधी, दाराबाहेरच, तो चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करायचा. दव पिशवीवर धरतं, भिंगावर नाही. दोन तास पिशवी उघडायची नाही.

तहान लागत नाही, पण पाणी सतत जात असतं. एक घनमीटर हवेत ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, उणे २० ला जेमतेम १ ग्रॅम. ती सुकी हवा छातीत जाऊन ओली होते आणि प्रत्येक श्वासाला तुमचं पाणी बाहेर नेते. दिवसाला तीनचार लिटर, तेही गरम, प्यायलाच हवं. थुक्पा म्हणजे शेवयांचं पातळ सूप, साधं सूप, लोण्याचा खारट चहा हे सगळं त्यात धरा. लोण्याचा चहा पहिल्या घोटाला आवडला नाही तरी घ्या, चरबी आणि मीठ दोन्ही तिथे हवंच असतं. घरून खाऊ नेताना एक ध्यानात ठेवा. चिक्की आणि डिंकाचे लाडू उणे दहाला दगड होतात, दात तुटेल. खजूर, शेंगदाणे, गूळपोळीचे तुकडे आतल्या खिशात ठेवलेले बरे. मेतकूट आणि भाजणी मात्र जरूर न्या. यजमानांच्या तंदूरवर तुपाचं थालीपीठ लावून सगळ्यांनी मिळून खाणं यासारखं सुख नाही. ओठांना-नाकाला पेट्रोलियम जेली लावा. खोबरेल तेल मुंबईच्या जानेवारीतही थिजतं, तिथे ते बाटलीतून बाहेरच येत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याबद्दल. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की उत्तरेचे वारे खाली वाहतात आणि मुंबईतही सकाळी स्वेटर बाहेर निघतात. हवामान खात्याचा अशा झंझावाताचा इशारा आला की प्रवासाच्या दृष्टीने लोक हिरमुसतात, आम्ही मात्र वरच्या गावात पोचून ठाण मांडतो. एकाच गावात चार रात्री राहणं हे चार गावं टॅक्सीने पालथी घालण्यापेक्षा शतपटीने चांगलं. बर्फ पडण्याआधी ढग दाटतात आणि थंडी किंचित कमी होते. मग आवाज जातो. ताज्या बर्फात हवाच जास्त असते, ती आवाज गिळते. कुत्रं भुंकताना दिसतं पण जवळ असूनही लांबचं वाटतं.

तेव्हा एक गोष्ट नक्की करा. झवेरी बाजाराच्या आसपास जवाहिऱ्यांचं दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, ते सोबत न्या. काळा लोकरी पिशवीमोजा पंधरा मिनिटं बाहेर गार होऊ द्या, उबदार मोज्यावर पडलेला कण क्षणात विरघळतो. मग हात आडवा धरा, श्वास बाजूला सोडा आणि पडलेल्या कणांत एकटा, न चिकटलेला शोधा. लोकरीच्या तंतूवर टेकलेला, दोनतीन मिलिमीटरचा, सहा बाहूंचा. प्रत्येक बाहूला पुन्हा फांद्या, आणि मधोमध एक छोटी षटकोनी चकती जिच्या कडा भिंगाखाली काचेसारख्या चमकतात. शेजारीच नुसती साधी चकती असेल, किंवा पेन्सिलीच्या शिशासारखा आखूड खांब. कोणता आकार होणार हे ढगातल्या तापमानावर आणि बाष्पावर ठरतं, फांद्यांचे तारे उणे १५ च्या आसपास सर्वांत छान वाढतात. उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि हे नातं मांडलं. बघताना हात अजिबात कोमट होऊ द्यायचा नाही, म्हणजे पाच मिनिटं बघून दोन मिनिटं हात खिशात. अर्धा दिवस कसा जातो कळत नाही.

बर्फ थांबला की गावात छपरं साफ करायची धांदल उडते. मातीचं सपाट छप्पर बर्फाचं ओझं पेलतं, पण ऊन लागून तो वितळला तर पाणी मुरून माती फुगते आणि गळायला लागते. म्हणून ऊन चढायच्या आत बर्फ खाली लोटायचा. लाकडी फावडं घेऊन यजमानांसोबत चढा, त्यांना मदत होते आणि अंग मस्त तापतं. फावडं उचलायचं नाही, लोटायचं. आधी उभ्या-आडव्या रेघा मारून बर्फाचे चौकोन पाडायचे, मग एकेक चौकोन कडेपर्यंत सरकवायचा. लोटण्याआधी खाली कुणी नाही ना बघून हाळी द्यायची. कडेला उभं राहायचं नाही, कारण बर्फाची कड छपराच्या कडेच्या पुढे आलेली असते. जॅकेट आधीच काढून ठेवायचं, खाली आल्यावर चढवायचं.

चालताना बुटांना मायक्रोस्पाइक, म्हणजे तळव्याखाली बांधायचे लोखंडी दाते, आणि बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवर गेटर नावाचं आवरण. बर्फ कडक थंडीत पायाखाली करकरतो, साधारण उणे दहाच्या खाली हा आवाज स्पष्ट येतो, आणि काही दिवसांत त्यावरूनच थंडीचा अंदाज यायला लागतो. गुरांनी, माणसांनी तुडवलेली वाट सोडू नका. ताज्या बर्फानंतर ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी एकदोन दिवस जायचंच नाही, हिमस्खलनं बहुतेक अशाच उतारांवर होतात. गॉगल अतिनील किरण पूर्ण अडवणारा आणि बाजूने बंद असा हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचं. हिमबिबट्यासाठी कड्याकडे दुर्बीण लावून तास न् तास उभं राहायचं असेल तर पायाखाली फोमच्या चटईचा हातभर तुकडा टाका. बुटाचा तळवा बर्फाला टेकत नाही आणि बोटं तासभर जास्त टिकतात.

बोटं दुखतात तोवर ठीक. दुखायचं थांबून पांढरी, मेणचट, बधिर झाली की तिथल्या तिथे थांबायचं आणि ती काखेत किंवा सोबत्याच्या पोटावर ठेवून गरम करायची. चोळायची नाहीत, बर्फाने तर मुळीच नाहीत. तंदूरजवळही धरायची नाहीत, कारण संवेदना नसल्याने भाजलेलं कळत नाही. रंग आणि टोचणी परत आली नाही तर डॉक्टरच.

मुंबईत परतलात की सामान त्याच दिवशी बाहेर काढा. फेब्रुवारी-मार्चची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. पिसांचं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दोनतीन दिवस पंख्याखाली, सावलीत वाळवा, मधून मधून पुंजके बोटांनी मोकळे करा. पिशवीत कोंबून ठेवू नका. मोठ्या सुती खोळीत सैल भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोनदा बदला. स्पाइकचं लोखंड पुसून तेलाचा हात फिरवा. जुलैत एकदा सगळं उघडून वास घ्या. कुबट वास आला तर पंख्याखाली पुन्हा एक दिवस, आणि पुड्या नव्या घाला. गणपतीत माळ्यावरचं सामान निघतंच, तेव्हा आणखी एकदा बघून घ्या, कारण दिवाळीनंतर शिमल्याच्या वाटेची चौकशी सुरू होते.